वीसपैकी दोन

शाळा सुटायला पाच मिनिटं असताना धाकट्या बहिणीचा फोन आला होता. "ताई, मुंगीचा रिपोर्ट आला. काही म्हणजे काही झालेलं नाही तिला! तू सरळ इकडेच ये, मी केक आणतेय," एवढं एका दमात बोलून, समोरून हो की नाही ते ऐकायची तसदी न घेता तिनं फोन ठेवला होता. त्यामुळे जिना चढताना मावशीच्या चेहऱ्यावर आनंद अगदी तयार होता. लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद होती. तिसऱ्या मजल्याच्या अलीकडच्या वळणावर तिला दोरीच्या उड्यांची सपसप ऐकू आली आणि त्यावर मुंगीचा आवाज. मुंगी म्हणजे धाकटीची एकुलती एक मुलगी, नऊ वर्षांची. जन्मली तेव्हा बापानं हातात घेऊन "ही तर मुंगी" म्हटलं, आणि तिचं खरं नाव तेव्हापासून शाळेच्या दाखल्यातच राहिलं. व्हरांड्याच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून ती उड्या मारत होती, आणि एकेका उडीला एकेक शब्द म्हणत होती. "मोपट, दिकूल, फणेर, गुसाट, लोमीट, चाडोप, नुबार, थेगाट." मग श्वास घेऊन पुढचे. एकही अडखळ नाही, एकही मागेपुढे नाही. मावशीचा हात कठड्यावर होता तो तिथंच राहिला. हे शब्द कुठल्याच भाषेतले नाहीत. या शहरात ते ज्यांना ठाऊक असायला हवेत अशी माणसं फार तर पन्नास असतील आणि त्यांत नऊ वर्षांचं एकही असता कामा नये. 

आत धाकटीनं केक कापून ठेवलाही होता. तिचा नवरा कामावरून लवकर आला होता, म्हणजे प्रसंग मोठाच. रिपोर्टाची दोन पानं टेबलावर, पाण्याच्या जगपासून लांब, जपून ठेवलेली. धाकटीनं ती मावशीच्या हातात दिली ती अशी, की जणू तिनंच पहिला नंबर मिळवला आहे. "तूच वाच. तुझ्या विषयातलं आहे." मावशीनं वाचलं. शिक्षणखात्याच्या कार्यालयातल्या चाचणीवाल्या बाईंनी छापील रकान्यांत भरलं होतं: अर्थहीन शब्दांचं वाचन, वीसपैकी वीस, वयाच्या मानानं उत्कृष्ट. शब्द फोडून वाचण्याची क्षमता उत्तम. उताऱ्याच्या वाचनातल्या चुका निष्काळजीपणामुळे. वाचनदोष नाही. खास शिक्षिकेच्या मदतीची शिफारस नाही. घरी शिस्त आणि नियमित सराव सुचवला आहे. खाली, हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावे. "दोन वर्षं मी रडत होते गं," धाकटी म्हणाली, "आणि हिला काहीच झालेलं नव्हतं." तिचा नवरा केकचा तुकडा हातात धरून हसत होता, पण त्याचं हसणं काही सरळ नव्हतं. "म्हणजे येतं सगळं," तो म्हणाला. "करत नाही, एवढंच. दोन वर्षं आपल्याला खेळवलं पोरीनं." बाहेर दोरीची सपसप चालू होती. मावशीनं केक खाल्ला. केक चांगला होता आणि तो घशाखाली उतरलाही, याची तिला पुढं बरेच दिवस लाज वाटत राहिली.

घरी जायला दोन बस सोडून ती चालत निघाली. कारण बसमध्ये बसलं की माणूस विचार करतो आणि चालताना निदान पाय तरी कामात असतात, असा तिचा जुना समज. तो त्या दिवशी खोटा ठरला. मोपट, दिकूल. त्या यादीचं सगळं मोल एकाच गोष्टीत होतं, की ती आधी कुणी ऐकलेली नसते. ओळखीचा शब्द मूल अंदाजानं वाचतं, चित्रावरून वाचतं, शेजारच्याच्या ओठांवरून वाचतं. ज्याला अक्षरं जुळवताच येत नाहीत असं हुशार मूल तीन तीन वर्षं वर्गाला चकवतं. म्हणून मग कुणीतरी बसून न-शब्द बनवले. तिथं अंदाज चालत नाही, पाठांतर चालत नाही, तिथं मूल आणि अक्षर दोघंच असतात. मानसशास्त्राच्या एम.ए.च्या पहिल्या वर्षाला मार्गदर्शक बाईंनी हे सांगितलं तेव्हा मावशी वहीत लिहायचं विसरून ऐकत राहिली होती. एकोणीस वर्षं तिसरीचा वर्ग शिकवून जी गोष्ट तिला नुसती खुपत होती, तिला इथं नाव होतं, चाचणी होती, कोष्टक होतं. मार्गदर्शक बाई साठीच्या, बारीक, बोलताना पेन्सिल चावणाऱ्या. चाचण्यांच्या पेट्यांचं कपाट त्यांच्या खोलीत आणि किल्ली त्यांच्या गळ्यात. "ही यादी म्हणजे दूध आहे," त्या म्हणायच्या. "उघडी राहिली की नासली. एका मुलाला दिली की वर्षभर त्याला परत द्यायची नाही. सराव करायचा तर एकमेकांवर करा, मोठ्यांवर करा. आणि घरच्या मुलांवर कधीच नाही. का, ते विचारू नका, तुम्हाला कळतंच." सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. वर्गात बावीस-तेवीस वर्षांच्या मुली, आणि मधोमध चव्वेचाळीस वर्षांची ही. पहिल्याच आठवड्यात त्यांनीही तिला मावशी म्हणायला सुरुवात केली होती; घरी मावशी, कॉलेजात मावशी, असं तिचं एकूण सगळीकडे मावशीपण झालेलं.

सरावासाठी तिनं पेटी दोन महिने घरी आणली होती, सही करून. आधी नवऱ्याला बसवलं. तो लिफ्टची तपासणी करणारा सरकारी माणूस. दिवसभर लोकांच्या लिफ्टमधून वरखाली करून संध्याकाळी त्याला एका जागी बसायला आवडायचं. पण न-शब्दांचा त्याला पहिल्याच रांगेत कंटाळा आला. "गुसाट हा आमच्या साहेबांचा भाऊ," असं काहीबाही बोलून त्यानं घड्याळाचा पार खेळ केला. स्टॉपवॉच एका हातात, पेन्सिल दुसऱ्यात, नजर मुलाच्या ओठांवर, आणि चेहऱ्यावर ना कौतुक ना नाराजी, हे सगळं एकदम करायला तिला जमेना. तेव्हा रविवारी मुंगी आली. धाकटी आणि तिचा नवरा रविवारी बाजार करायचे, मुंगी मावशीकडे असायची. "एक खेळ खेळायचा?" मावशी म्हणाली. आणि पुस्तकात छापलं होतं ते वाक्य, अगदी छापलं होतं तसंच: "ही तुझी परीक्षा नाही हं. ही माझी परीक्षा आहे." मूल घाबरू नये म्हणून म्हणायचं असतं ते. मुंगीनं मान हलवली, गंभीरपणे, आणि कोपऱ्यात छापील त्रिकोण असलेला तो कागद पुढे ओढला.

आता चालताना सिग्नलपाशी थांबल्यावर मावशीला त्या पहिल्या रविवारचा कागद डोळ्यांसमोर दिसायला लागला. पेन्सिलीच्या खुणा. वीसपैकी दोन बरोबर. बाकीच्या अठरा ठिकाणी मुंगीनं शब्दाचं पहिलं अक्षर पकडून पुढं मनाचं काहीतरी म्हटलं होतं, किंवा नुसतंच खाली पाहिलं होतं. एका ठिकाणी ती म्हणाली होती, "हे हलतंय." मावशीनं तेही कोपऱ्यात लिहून ठेवलं होतं. हलतंय म्हणते. आणि तिला तेव्हाच, त्या क्षणी, कळलं होतं. म्हणजे ती अडाणी तर नव्हती. कोष्टक काढून पाहायचीही गरज नव्हती. धाकटीला सांगायला हवं, हा विचार तिच्या मनात आला आणि त्याच्या मागोमाग दुसरा आला: म्हणजे मी घरच्या मुलीवर चाचणी घेतली हे सांगायला हवं. मग तिसरा, तो फार सोयीचा: पहिलीच वेळ आहे, माझंच काहीतरी चुकलं असेल, अजून एकदा घेऊन पाहू. पुढच्या रविवारी सहा आले. त्याच्या पुढच्या रविवारी अकरा. मावशी प्रत्येक चुकलेल्या शब्दाचा बरोबर उच्चार स्वतःशी मोठ्यानं म्हणायची, कारण तपासणाऱ्याचा उच्चार पक्का हवा. मुंगी शेजारी बसून ऐकायची. सात रविवार. त्या सात रविवारांइतकं सलग लक्ष त्या मुलीकडे कुणी कधी दिलं नसेल. तिचं सगळं अंग फुलून यायचं. सातव्या रविवारी अठरा आले तेव्हा मावशीनं, चेहरा कोरा ठेवायचा सोडून, तिला कडेवर उचललं होतं, नऊ वर्षांच्या घोडीला. आणि मनाशी म्हटलंही होतं: बघ, नुसतं लक्ष दिलं तर सुधारते पोरगी. एकोणीस वर्षं शिकवणारी मास्तरीण, मानसशास्त्राची विद्यार्थिनी, आणि तिला पाठांतर आणि वाचन यांतला फरक कळला नाही. की कळून घ्यायचा नव्हता? हे ती स्वतःला विचारायची आणि उत्तर यायच्या आत चालायला लागायची.

एवढ्यावर थांबलं असतं तर तो गाढवपणा झाला असता, दुसरं काही नाही. पण प्रात्यक्षिकाला पाच मुलं लागायची, अनोळखी, वेगवेगळ्या शाळांतली. चार झाली. पाचव्याला ऐन वेळी कांजिण्या आल्या आणि वही द्यायला दोन दिवस उरले. त्या दोन दिवसांत तिनं सातव्या रविवारचा कागद स्वच्छ उतरवून पाचवं मूल म्हणून लावला. मुलीचं नाव दाखल्यातलं, जे घरात कुणी वापरत नाही, आडनाव वेगळं, वय बरोबर. फॉर्मवर एक ओळ होती, मुलाशी पूर्वपरिचय आहे काय. तिनं लिहिलं, नाही.  अक्षर फार सुरेख आलं. आणि दोन महिन्यांनी धाकटी म्हणाली, शाळेनं मुंगीला तपासणीला पाठवायला सांगितलंय, तेव्हा मावशीच्या मनात क्षणभर चमकून गेलं होतंच, की त्यांनी हीच यादी काढली तर? पण कार्यालयाकडे त्यांचं स्वतःचं काहीतरी असेल, असं तिनं ठरवलं. कुणाला न विचारता ठरवलं.

फळा तिला आठवला. स्वतःचा, ती तिसरीत असतानाचा. शाळेत डोळे तपासायला एक माणूस आला होता. भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावून त्यानं मुलींना रांगेत उभं केलं होतं. ती नववी. पुढच्या आठजणी मोठमोठ्यानं वाचत गेल्या आणि तिची पाळी आली तेव्हा तिला अख्खा तक्ता तोंडपाठ होता. चष्म्याची तिला भीती होती. वर्गात चष्म्याची एकच मुलगी होती आणि तिला सगळे भिंगवाली म्हणायचे. तिनं तक्ता धडाधड म्हटला. त्या माणसानं पाठीवर थाप मारली. त्यानंतर दोन वर्षं फळा म्हणजे एक काळा चौकोन होता, त्यावर पांढुरकं काहीतरी वळवळायचं. शेजारणीचं बघून उतरवायची, ती नसली की कोरी वही. "डोळे चांगले आहेत, डोकंच नाही," असं बाई आईला म्हणाल्या होत्या, तिच्यादेखत. आणि ती गप्प. तपासणीत पास झालेलं माणूस कुठल्या तोंडानं सांगणार, की मला दिसत नाही? शेवटी धाकटीनं सांगितलं. सहा वर्षांची धाकटी, जेवताना, काही विशेष नाही अशा आवाजात: "ताईला बसचा नंबर दिसत नाही. ती मला विचारते." त्या रात्री ती उशीत तोंड खुपसून रडली आणि महिनाभर धाकटीशी बोलली नाही. चष्मा आल्यावर वर्गात पहिली गोष्ट काय दिसली, तर बाईंच्या स्वेटरला एक बटण वेगळ्या रंगाचं होतं. दोन वर्षं ते तसंच असणार. बाकी सगळ्या मुलींना ते ठाऊक होतं.

घरी नवऱ्यानं चहा केला होता. तिनं त्याला सगळं सांगितलं, पहिल्या रविवारापासून.  तो म्हणाला, "तपासणीच्या दिवशी लिफ्ट कधी बिघडत नाही. आदल्या दिवशी तेलपाणी करून ठेवतात लोक. आम्ही कागदावर चालू लिहून येतो आणि आठवड्यानं कुणीतरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकतं."

"मग तुम्ही काय करता?"

"परत जातो. न सांगता." त्यानं कप खाली ठेवला. "पण तुझी तोंडी परीक्षा गुरुवारी आहे ना? ती होऊन जाऊ दे की. नंतर सांग. पंधरा दिवस आहेत म्हणतेस."

ते पंधरा दिवस तिनं मनात फार फिरवले. गुरुवारी तोंडी परीक्षा, महिन्यानं निकाल, आणि शाळेच्या संचालकांनी तिला तोंडी कबूल केलेली समुपदेशकाची जागा. ती खोली तिनं पाहून ठेवली होती. पूर्वी तिथं नकाशे ठेवायचे. दोन खुर्च्या मावतील एवढी, खिडकी एक, आणि दार, जे लावून घेता येतं. चव्वेचाळीस मुलांच्या वर्गात एकोणीस वर्षं उभं राहिल्यावर, एका वेळी एका मुलासमोर बसायचं, हे तिला इतकं हवं होतं की तिनं त्या खोलीत पडदा कुठला लावायचा तेही ठरवलं होतं. परीक्षेनंतर सांगितलं तरी ते कागद कॉलेजात जाणारच, पदवी परत घेतलीच जाणार, मग तमाशा दुप्पट. न सांगता काही होईल का? मुंगीला खासगीत कुठं दाखवावं, तर शाळा कार्यालयाचाच कागद मानते. वर्ष जाऊ द्यावं, पुढच्या वर्षी परत चाचणी. एक वर्षानं काय होतं? हे ती सोमवारी वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता विचारत होती आणि मागच्या बाकावरची एक मुलगी शेजारणीच्या वहीत बघून उतरवत होती. एक वर्षानं काय होतं, हे विचारायला जगात दुसरी कुणी नाही, आपणच सापडलो, असं मावशीला वाटलं आणि तिला स्वतःचाच राग आला.

मंगळवारी धाकटीचा फोन आला. या वेळी आवाज खाली होता. "अगं, हा तिला रोज तासभर वाचायला बसवतो. ती बसत नाही. काल त्यानं दोरी काढून कपाटावर टाकली. म्हणतो, येतं ते करायला लाज कसली? मला पण तसंच वाटतं बाई आता. पूर्वी मला तिची कीव यायची. आता राग येतो." मावशीनं "हं" म्हटलं. "ताई, ऐकतेयस ना?" "ऐकतेय." "आणि ती काही बोलतच नाही. नुसती बघते." फोन ठेवल्यावर मावशी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. आळशी ठरलेलं मूल काय करतं, यावर तिला परीक्षेत पंधरा मार्कांचा प्रश्न येऊ शकला असता आणि तिनं तो चांगला सोडवला असता. आज तिचं डोकं चाललं ते एवढंच, की मुंगी गप्प आहे, आणि मला त्या गप्प बसण्याची आतली बाजू माहीत आहे.

गुरुवारी परीक्षेच्या तासभर आधी ती मार्गदर्शक बाईंच्या खोलीत गेली. बाई पेट्या मोजत होत्या. मावशीनं उभ्यानंच सांगितलं. बसून सांगितलं तर सजवून सांगितलं जाईल, अशी तिला भीती होती. बाईंनी पेन्सिल तोंडातून काढली आणि पहिल्यांदा विचारलं ते असं: "पहिल्या दिवसाचा कागद ठेवलाय का?"

"ठेवलाय. वहीच्या कव्हरात."

"तारीख आहे?"

"आहे."

"बरं झालं. मुलीचा खरा कागद तेवढाच आहे." मग त्यांनी खुर्ची ओढली. "कार्यालयाकडे दुसरी यादी असते, बंद पाकिटातली. ती फोडायला त्यांना लेखी कारण लागतं, पहिली कुणी नासवली आणि कशी. तुम्ही पत्र द्या, आईवडिलांच्या सहीसकट. एक प्रत मला. माझ्याकडे आल्यावर मी ती दाबून ठेवू शकत नाही, हे तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय."

"प्रात्यक्षिक रद्द होईल. वर्ष जाईल. त्या पूर्वपरिचयाच्या ओळीमुळे समिती पुढच्या वर्षी तुम्हाला परत घेईल की नाही, मी सांगू शकत नाही." त्यांनी हातातल्या पेटीचं झाकण लावलं. "तुम्ही माझ्या वर्गातल्या सगळ्यात चांगल्या विद्यार्थिनी होतात. हे मी चांगलं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. मला राग आलाय म्हणून म्हणतेय." बाहेरच्या बाकावर बाविशीच्या मुली एकमेकींना प्रश्न विचारत होत्या. "मावशी, तुमचा नंबर कितवा?" एकीनं विचारलं. "माझा नाही आज," ती म्हणाली आणि जिन्यात आल्यावर तिला रडू फुटलं. त्यात मुंगीबद्दलचं थोडं होतं, पण खरं सांगायचं तर बरंचसं त्या दोन खुर्च्यांच्या खोलीबद्दल होतं.

पत्र घेऊन ती शुक्रवारी धाकटीकडे गेली. धाकटीचा नवरा यायचा होता. मावशीनं पत्र आणि त्याला जोडलेला पेन्सिलीचा कागद टेबलावर ठेवला, आठवड्यापूर्वी रिपोर्ट होता तिथंच. धाकटीनं पत्र एकदा वाचलं, मग परत पहिल्यापासून वाचलं. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. "मला आठवडाभर झोप लागली होती, ताई," ती म्हणाली. "दोन वर्षांनी." मग तिनं पेन्सिलीच्या कागदावरची तारीख पाहिली आणि तिच्यावर बोट ठेवलं. "म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं?"

"हो."

"पहिल्याच रविवारी?"

"हो."

"आणि मी त्याच संध्याकाळी तुझ्याकडे बसून रडले होते, हिला वाचता का येत नाही म्हणून. तू मला चहा दिलास."

 मावशीजवळ कारणं होती, पण ती सगळी तिची स्वतःची होती. धाकटी उठली, उगाचच दोन बशा विसळल्या, हात पुसले आणि परत आली. "सही कुठं करायची?" मावशीनं जागा दाखवली. धाकटीनं सही केली, पेनाचं टोपण लावलं, आणि तिच्याकडे न बघता म्हणाली, "लहानपणी मी तुझं चष्म्याचं आईला सांगितलं तेव्हा तू महिनाभर माझ्याशी बोलली नव्हतीस. आता मी किती दिवस बोलायचं नाही, ते तूच सांग." आणि ती आतल्या खोलीत निघून गेली.

मुंगी दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे. दोरी अजून कपाटावरच होती, तिचं लाकडी मूठ असलेलं एक टोक खाली लोंबत होतं. मुंगी येऊन शेजारच्या खुर्चीवर गुडघे दुमडून बसली, रविवारी बसायची तशी.

"मावशी, तुझी परीक्षा झाली?"

"झाली म्हणायची."

"पास झालीस?"

"नाही गं. नापास."

मुंगीचं तोंड उघडंच राहिलं. "पण मी तर एकही चुकले नाही!"

"कुठं?"

"त्या ऑफिसात. त्या बाईंनी कागद काढला ना, मी लगेच ओळखला. कोपऱ्यात तो त्रिकोण होता. मी म्हटलं, ही तर मावशीची परीक्षा. मग मी सगळं नीट म्हटलं. तू पास व्हावीस म्हणून." तिनं गुडघे आणखी जवळ घेतले. "घरी पण रोज म्हणायचे. विसरायला नको म्हणून."

"वाचलंस का तू ते, मुंगी? की नुसतं म्हटलंस?"

"वाचायचं कशाला? मला येतच होतं." आणि मग, अगदी खालच्या आवाजात, "बाबा म्हणतात, मला येतं आणि मी मुद्दाम करत नाही. मावशी, मला खरंच येतं का?"

मावशीला वाटलं आपण इथून उठावं आणि सरळ चालत सुटावं, पाय कामात राहतील. ती उठली नाही. दोन वर्षं जे जे वाचलं होतं त्यातलं एकही वाक्य तिला आठवलं नाही, आणि छापील वाक्यांचा तिनं आता धसकाच घेतला होता. तिनं पत्राखालचा पेन्सिलीचा कागद काढून मुंगीपुढे ठेवला.

"हा तुझा पहिला कागद. पहिल्या रविवारचा. यात तुला वीसपैकी दोन आले होते."

"फक्त दोन?"

"दोन. ते तुझे आहेत. पक्के तुझे. उरलेले अठरा माझे होते. तू नापास नाही झालीस, आळशी पण नाहीस. बाबांना मी आज सांगणार आहे, ते येईपर्यंत मी इथंच बसणार आहे."

मुंगीनं कागद जवळ ओढला. अठरा खुणांवरून तिची नजर नुसतीच घसरत गेली. तिला त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. "कुठले दोन?" तिनं विचारलं.

मावशीनं बोट ठेवून दाखवले. एक वरून तिसरा होता, दुसरा खाली, शेवटून चौथा. मुंगी पाठ असलेला शब्द म्हणून टाकायला निघाली, तेवढ्यात थांबली आणि तिनं मावशीकडे पाहिलं. मग तिनं स्वतःचं बोट पहिल्या अक्षराखाली ठेवलं आणि डोळे बारीक केले. मावशीनं मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर पालथं ठेवलं. "फ," मुंगी म्हणाली. जिन्यात कुणाची तरी पावलं वाजली आणि दुसऱ्या मजल्यावरच थांबली. "फ," मुंगी परत म्हणाली, आणि बोट पुढच्या अक्षराखाली सरकवलं.